देवाचं नाक आणि राजाचा खटला

स्पेनमधल्या सारागोसाला (इथली माणसं ‘थारागोथा’ म्हणतात) आलात तर अल्हाफेरियाचा राजवाडा बघाच. अकराव्या शतकातला, मुस्लिम राजवटीतला. आज आरागॉन प्रांताची विधानसभा इथे भरते. कमानींचे फोटो काढून झाले की चौकोनी जुन्या बुरुजाकडे वळा. इथे इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंड्यांवर खटले चालवणाऱ्या कॅथलिक धर्मन्यायालयाच्या, कोठड्या होत्या. १५९१ साली या कोठड्यांपर्यंत एका माणसाला आणण्यासाठी स्पेनच्या राजाने जो खटाटोप केला, त्यावरून हे धर्मन्यायालय नक्की कोणाच्या कामाचं होतं ते कळतं.

आन्तोनियो पेरेस हा दुसऱ्या फिलिपचा सचिव. १५७८ मध्ये माद्रिदला एस्कोबेदो नावाच्या अधिकाऱ्याचा खून झाला, त्यात पेरेस अडकला. पंचाईत ही, की राजाचं नावही त्यात येत होतं. एप्रिल १५९० मध्ये पेरेस तुरुंगातून निसटून आरागॉनला पोचला. राजा तोच, पण इथले कायदे वेगळे. हुस्तिसिया या न्यायाधिकाऱ्याच्या संरक्षणात गेलेल्या कैद्याला राजाचे लोक परस्पर उचलू शकत नसत. खटला नीट चालला असता, तर पेरेसने राजाची पत्रं कोर्टात मांडली असती.

आरागॉनची वेस न मानणारी संस्था राजाच्या हाताशी एकच होती: इन्क्विझिशन. १४७८ च्या पोपच्या फर्मानापासून तिचे न्यायाधीश राजाच्या पसंतीचे. फक्त गुन्हा पाखंडाचा हवा. पेरेस रागाच्या भरात बोलून गेला होता, की देवबाप आडवा आला तरी त्याचं नाक कापीन. हे वाक्य माद्रिदला तपासायला गेलं राजाच्याच कबुलीगुरूकडे (पापांची कबुली ऐकणाऱ्या पाद्र्याकडे), दिएगो दे चावेसकडे. चावेसचं म्हणणं पडलं: नाक म्हणजे शरीर, देवाला शरीर आहे म्हणणं हे पाखंड. झालं, आरोप तयार!

२४ मे १५९१ रोजी पेरेसला अल्हाफेरियात हलवलं. पण शहर पेटलं. राजाचा प्रतिनिधी अल्मेनारा याला जमावाने इतकं मारलं की तो पुढे दगावला, आणि संध्याकाळपर्यंत कैदी हुस्तिसियाकडे परत द्यावा लागला. २४ सप्टेंबरच्या दुसऱ्या प्रयत्नात तर पेरेस सुटलाच, पुढे फ्रान्सला गेला. मग फिलिपने सैन्य घुसवलं आणि २० डिसेंबरला तरुण हुस्तिसिया हुआन दे लानुसा याचं डोकं उडवलं, तेही खटल्याशिवाय. १५९२ च्या तारासोनाच्या सभेनंतर हुस्तिसियाला पदावरून काढण्याचा अधिकार राजाकडे आला.

(गोव्याचं न्यायालय वेगळं, पोर्तुगीजांचं. पण १५८० पासून पोर्तुगालचा मुकुटही याच फिलिपच्या डोक्यावर होता.)

पेरेस १६११ मध्ये पॅरिसला वारला. १६१५ मध्ये मुलांच्या अर्जावरून इन्क्विझिशननेच त्याची शिक्षा रद्द केली. नाकाचं वाक्य तेच होतं. फिलिपला जाऊन मात्र सतरा वर्षं झाली होती.