तुम्ही विचारलंत म्हणून: हे लाकूड पांढरं का नाही केलं?

आमच्या घरी पहिल्यांदा आलेलं जवळपास प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतं. तुळया बघून झालेल्या असतात, भिंतीतल्या कपाटांवरून हात फिरवून झालेला असतो, आणि मग अगदी आपुलकीने विचारणा होते, "सगळं छान आहे गं, पण हे लाकूड पांढरं का नाही करून टाकत? केवढा उजेड येईल!" भारतातून आलेल्या मावशी-काकांनी विचारलंय, इथल्या मंडळातल्या मैत्रिणींनी विचारलंय, आणि जुनं घर नुकतंच विकत घेतलेल्या दोघा-तिघांनी तर फोन करून विचारलंय. चहाचा कप हातात असताना याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं घर कॅलिफोर्नियात, पॅसाडेनाला. १९१२ सालचं. अशा घरांना इथे क्राफ्ट्समन बंगला म्हणतात. पसरट उतरतं छप्पर, भिंतीच्या बरीच पुढे आलेली वळचण, समोर ऐसपैस ओसरी. आत पाऊल टाकलं की थेट दिवाणखाना आणि शेकोटी, पलीकडे जेवणाची खोली. आणि जिथे बघाल तिथे लाकूड: छताला तुळया, खिडक्या-दारांना रुंद चौकटी, भिंतीतच बसवलेली पुस्तकांची आणि काचेच्या भांड्यांची कपाटं, जेवणाच्या खोलीत खांद्यापर्यंत उंच फळ्या आणि त्यावर ताटल्या मांडायची अरुंद पट्टी.

हे सगळं असं का बांधलं, ते कळलं की रंगाचा प्रश्न वेगळा दिसायला लागतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कारखान्यांनी नक्षीदार वस्तूंचा पूर आणला. ओतीव लोखंड कोरीव कामाचं सोंग घेऊ लागलं, स्वस्त लाकडावर ओकच्या रेषा रंगवून ते ओक म्हणून मिरवू लागलं. कलासमीक्षक जॉन रस्किनने त्यावर कडाडून लिहिलं. कवी आणि कारागीर विल्यम मॉरिसने ते जगून दाखवलं: फिलिप वेब या वास्तुकार मित्राकडून लंडनजवळ बेक्सलीहीथला १८६० मध्ये 'रेड हाउस' बांधून घेतलं, आणि पुढच्याच वर्षी मित्रांबरोबर कंपनी काढून फर्निचर, रंगीत काचा, भिंतीचे कागद, कापड असं सगळं करायला घेतलं. अमेरिकेत हा विचार साध्या नोकरदाराच्या घरापर्यंत नेला फर्निचर बनवणाऱ्या गुस्टाव स्टिकलीने. १९०१ ते १९१६ त्याचं 'द क्राफ्ट्समन' नावाचं मासिक चाललं, त्यात घरांचे आराखडे छापून येत. म्हणणं अगदी सरळ होतं. लाकूड लाकडासारखं दिसावं, वीट विटेसारखी, आणि दोन लाकडं जिथे जोडली आहेत तिथला सांधा लपवू नये.

म्हणून या घरात वेगळी नक्षी नाही. छताला प्लास्टरची फुलं नाहीत, चौकटींना कोरीव वेलबुट्टी नाही. शोभा आहे ती लाकडाच्या रेषांची आणि सांध्यांच्या नेटकेपणाची. ती पांढऱ्या रंगाखाली गेली की उरतात फक्त जाडजूड पट्ट्या, आणि खोली उजळ होण्याऐवजी बोजड दिसते. हे मी पुस्तकी बोलत नाही. आमच्या गल्लीत दोन्ही प्रकारची घरं आहेत, एकाच काळातली. एकातून दुसऱ्यात जाऊन बघा, फरक सांगावा लागत नाही.

लाकूडही आता मिळण्यातलं नाही. आमच्याकडे आहे ते डग्लस फर या सूचिपर्णी झाडाचं, शेकडो वर्षं सावकाश वाढलेल्या जंगलातलं. फळीच्या कापलेल्या टोकाकडे पाहिलं तर वर्षाची वलयं इतकी जवळजवळ आहेत की नखाएवढ्या रुंदीत डझनभर मोजता येतात. आज दुकानात मिळणारं फर लागवडीतलं, भराभर वाढलेलं. त्यात तेवढ्याच जागेत तीन-चार वलयं दिसली तरी खूप.

पॅसाडेनातच गॅम्बल हाउस आहे. साबणाच्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीतल्या डेव्हिड गॅम्बल यांच्यासाठी चार्ल्स आणि हेन्री ग्रीन या भावांनी १९०८-०९ मध्ये बांधलेलं. आत शिरताच जे दालन लागतं ते सागवानाचं, ब्रह्मदेशातल्या सागाचं. सांध्यांच्या कडा इतक्या गुळगुळीत गोलावलेल्या की हात आपोआप तिकडे जातो. पुढच्या पिढीने हे घर विकायला काढलं होतं. घ्यायला आलेल्या लोकांचं बोलणं कानावर पडलं, की आतलं सगळं लाकूड पांढरं करून टाकू. घर विकण्याचा बेत तिथेच बारगळला. १९६६ मध्ये कुटुंबाने ते शहराला देऊन टाकलं, आणि आज ते तिकीट काढून कुणालाही बघता येतं. मला कुणी विचारलं की मी आधी ही गोष्ट सांगते. पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या सागवानी खांबांवर ऑइलपेंटचे थर ज्यांनी पाहिलेत, त्यांना ती लगेच पोचते.

पण याचा अर्थ सगळंच लाकूड उघडं हवं असा नाही, आणि इथे अतिउत्साही लोकांशी माझं पटत नाही. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर त्या काळीही पांढरंच असायचं. जंतूंची भीती नुकतीच घरोघरी पोचली होती, मळ लगेच दिसावा म्हणून तिथे चकचकीत पांढरा इनॅमल रंग देत. झोपायच्या खोल्याही पुष्कळदा फिक्या रंगाच्या असत. ओळखायचं कसं? कोपऱ्यात, सहज न दिसणाऱ्या जागी पाती घेऊन नखाएवढा चौकोन एकेक थर करत खरवडायचा. शेवटच्या रंगाखाली थेट कोरं लाकूड लागलं, तर ते पहिल्यापासून रंगवलेलंच होतं. रंगाखाली तपकिरी, चमकदार थर लागला, तर रंग नंतरचा. आमच्या झोपायच्या खोल्यांत कोरं लाकूड लागलं. तिथे आम्ही पुन्हा फिका रंगच दिला, निश्चिंत मनाने.

आता उजेडाचं. अंधार वाटतो हे खरं आहे, आणि ते नाकारण्यात काही अर्थ नाही. पण लाकूड मुळात इतकं काळं नव्हतंच. शंभर वर्षांची शेकोटीची काजळी, मेणाचे थर आणि म्हातारं झालेलं पॉलिश यांनी ते काळवंडलं होतं. आधी मिनरल स्पिरिटने, म्हणजे टर्पेंटाइनसारख्या पेट्रोलियम द्रावकाने पुसून घेतलं, तर फडकी चहासारखी तपकिरी निघाली. मग पॉलिश कसलं ते तपासलं. स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस एका जागी थोडा वेळ धरायचा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचं पॉलिश, शेलॅक.

आमच्याकडे ते लाखेचंच निघालं. लाख म्हणजे आपल्याकडच्या पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर किडे जी राळ सोडतात ती. त्या काळात जगभर लाख प्रामुख्याने हिंदुस्थानातून जायची. पॅसाडेनातल्या सुताराने आमच्या दारावर फिरवलेली लाख बहुधा छोटा नागपूरकडच्या कुणीतरी फांद्यांवरून खरवडून काढलेली असणार, हा विचार मला काम करताना कायम सोबत होता. लाखेचा मोठा गुण असा की ती कितीही जुनी झाली तरी अल्कोहोलने पुन्हा विरघळते. तडे गेलेलं, खवल्याखवल्यांचं पॉलिश खरवडून काढायचीही गरज पडली नाही. ब्रशने स्पिरिट फिरवलं, जुना थर जागच्या जागी विरघळून सपाट झाला, आणि त्यावर ताज्या लाखेचा पातळ हात दिला. तपकिरी काळोखातून मधासारखा रंग वर आला. सगळ्यांना हवा होता तो निम्मा उजेड इथेच मिळाला.

उरलेला उजेड लाकूड सोडून बाकीच्या गोष्टींतून आणला. भिंतींना फळ्यांच्या वर फिकट गव्हाळ रंग, छताला साईचा. छत पांढरंशुभ्र केलं असतं तर शेजारचं लाकूड आणखी काळं दिसलं असतं. ओसरीसमोर माजलेली झुडपं छाटली. जाड पडदे काढून साधे लिननचे लावले. दिवे २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर झाकेचे. थंड पांढऱ्या दिव्याखाली हे लाकूड मेलेलं दिसतं. दोन दिव्यांच्या शेड अभ्रकाच्या आहेत, अभ्रकाचे पापुद्रे लाखेने सांधून केलेल्या. तिथेही पुन्हा लाखच.

जेवणाच्या खोलीत मात्र आधीच्या कुणीतरी रंग फासून ठेवला होता, एकावर एक. तो काढायचा तर आधी जुन्या रंगातल्या विषारी शिशाचा विचार करावा लागतो. अमेरिकेत घराच्या रंगात शिसं वापरायला १९७८ मध्ये बंदी आली, त्यामुळे त्याआधीच्या घरातला रंग शिशाचाच धरून चालायचं. कोरडा घासायचा नाही, सँडर लावायचा नाही, ज्योत तर नाहीच नाही. लहान मुलं किंवा गरोदर बाई घरात असेल तर काम चालू असताना त्यांनी तिथे राहू नये. आम्ही खोली प्लास्टिकने बंद केली, मास्क लावले, आणि मंद आचेचा इन्फ्रारेड हीटर वापरला. हीटर काही सेकंद धरला की रंग फुगतो आणि पातीने पापुद्र्यासारखा उचलला जातो. वरून क्रीम, मग पोपटी, मग एक कडक राखाडी, आणि तळाशी पुन्हा तीच तपकिरी लाख. लाखेने लाकडाची छिद्रं बुजवली होती म्हणून रंग आत मुरलेला नव्हता. कोरड्या लाकडावर थेट रंग बसलेला असता तर रेषांत अडकलेला पांढरेपणा कधीच पूर्ण निघाला नसता. कोपऱ्यांसाठी दाताच्या डॉक्टरकडे असतात तशा बारीक टोकाच्या कोरण्या लागल्या. एक चौकट म्हणजे शनिवार-रविवार संपला असं समजायचं.

रंग द्यायला एक दुपार लागते, काढायला वर्षं जातात. निर्णय कुठल्या बाजूला झुकवायचा, याचं मला यातच उत्तर मिळालं.

छताचा रंग सारखा पोपडे धरत असेल तर त्याचंही कारण जुनंच असतं. तेव्हा छताला कॅल्सिमाइन द्यायचे, खडूची भुकटी आणि सरस. आपलं जुनं डिस्टेंपरच ते. त्यावर नवा रंग धरत नाही. कोमट पाण्याने ते धुऊन काढल्याशिवाय कितीही महाग रंग लावला तरी फुकट.

खिडक्यांवर थोडं जास्त बोलते, कारण त्या बदलून टाका असं सांगणारे विक्रेते दारावर येतात. आमच्या खिडक्या खालून वर सरकणाऱ्या. चौकटीच्या पोकळीत लोखंडी वजनं लोंबतात, सुती दोरीने कप्पीवरून बांधलेली. खिडकी अडते ती बहुतेक रंगाने चिकटल्यामुळे किंवा दोरी तुटल्यामुळे. दोरी स्वस्तात मिळते. काचेभोवतीची वाळलेली पुट्टी काढून, लाकडाला जवसाचं तेल पाजून, नवी पुट्टी भरली की तीच खिडकी एका बोटाने उचलते. आणि ती जुनी काच! जराशी लहरदार असते, चालता चालता बाहेरचं जॅकरँडाचं झाड हलल्यासारखं दिसतं. प्लास्टिकच्या खिडकीत हे नाही, आणि ती बिघडली की दुरुस्त होत नाही, फेकावी लागते.

सजावटीसाठी मी फार काही विकत आणलं नाही. ताटल्यांच्या पट्टीवर पुण्याच्या तांबट आळीतली तांब्याची भांडी आहेत, ठोक्याठोक्याची, मठारकाम केलेली. क्राफ्ट्समन घरांत ठोक्याचं तांबं हवंच असायचं, स्टिकलीच्या कारखान्यातही ते बनत होतं. हातोडीची खूण पुसायची नाही, हा विचार तांबट आळीतही तोच. इथली पद्धत तांबं काळसर तपकिरी होऊ द्यायची आहे. माझी आई आली की चिंच घेऊन बसते. तिचा जीव त्यात आहे, म्हणून तिने घासलेली भांडी डावीकडे आणि न घासलेली उजवीकडे ठेवते, आणि खरं सांगते, दोन्ही त्या लाकडाला शोभतात. देव्हारा भिंतीतल्या कपाटाच्या मधल्या कोनाड्यात बसला आहे. समई मात्र बाहेर तबकात असते, लाखेच्या पॉलिशला आच लागू नये म्हणून.

भिंतीचे कागद आम्ही लावले नाहीत. मॉरिसचे नमुने मला जिवापाड आवडतात, पण इतक्या लाकडाशेजारी त्यांचा एक उशीच्या अभ्र्याएवढा तुकडा पुरतो.

तर ज्यांनी असं घर नुकतंच घेतलंय त्यांच्यासाठी. आधी पाया बघा. कॅलिफोर्नियात या काळातली पुष्कळ घरं पायावर नुसती ठेवलेली आहेत, बोल्टने जखडलेली नाहीत, आणि भूकंपात ती सरकतात. मग विजेच्या तारा बघा. आणि रंगाऱ्याला बोलावण्याआधी भिंतीतल्या कपाटाचा एक खण पूर्ण बाहेर ओढा आणि बॅटरी घेऊन आतल्या कडा बघा. तिथपर्यंत रंगाचा ब्रश बहुतेक कुणाचाच पोचलेला नसतो. तुमचं घर पहिल्या दिवशी कोणत्या रंगाचं होतं ते तिथे दिसेल, मग काय करायचं ते ठरवा.