पाचारण केव्हा आणि कसं कळलं? माझा अर्ज अडकला तो रकाना

पाळकीय सेवेच्या, म्हणजे चर्चमध्ये धर्मगुरू म्हणून काम करण्याच्या, प्रशिक्षणासाठी अर्ज करावा की नाही, यातच माझी बरीच वर्षं गेली. आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, वडीलजन विचारत राहिले, मी नोकरीचं आणि आईच्या आजारपणाचं कारण सांगत राहिले. कारणं खरीच होती. शेवटी हो म्हटलं. शिफारसपत्रं, वैद्यकीय तपासणी, बायबलज्ञानाची लेखी परीक्षा, सगळं सुरळीत पार पडलं. घोडं अडलं ते एका रकान्यापाशी.

‘देवाने आपणांस सेवेसाठी पाचारण केले आहे, याची खात्री आपणांस केव्हा व कशी झाली?’

इतरांच्या साक्षीत, म्हणजे देवाच्या अनुभवाच्या कथनात, एखादी संध्याकाळ असते, एखादं वचन काळजाला भिडलेलं असतं. माझ्याकडे तसलं काहीच नव्हतं. नको नको म्हणत असतानाही मनातून न जाणारी एक गोष्ट तेवढी होती. दुसऱ्यासारखी साक्ष रचून लिहायची नाही हे पक्कं होतं, म्हणून दोन-चार ओळींत जेवढं खरं होतं तेवढं लिहिलं. उत्तर आलं: ‘उमेदवाराच्या पाचारणाबाबत स्पष्टता नाही. आणखी प्रार्थनापूर्वक विचार करावा.’

काय स्पष्ट नाही, किती दिवस विचार करायचा, एक शब्द नाही. फोन केला की ‘पुढच्या बैठकीनंतर कळवू’. या वाट पाहण्याचा राग अजून गेलेला नाही. जी व्यक्ती वर्षानुवर्षं मागे सरत आली आणि मोठ्या कष्टाने दारापर्यंत पोहोचली, तिला ‘आणखी विचार करा’ म्हणणं म्हणजे परतीची वाट दाखवणं. मी परतले नाही. पण जे परतले असतील त्यांच्यासाठी माझा जीव तुटतो.

त्याच काळात बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा 3 रा आणि 4 था अध्याय पुन्हा पुन्हा वाचला. आपल्या लोकांना मिसरातून (इजिप्तमधून) सोडवायला देव मोशेला पाठवतो, आणि मोशे पाच वेळा आढेवेढे घेतो. मी कोण? तुझं नाव काय सांगू? त्यांनी विश्वास ठेवला नाही तर? मला नीट बोलता येत नाही. आणि शेवटी, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. पहिल्या चारही वेळा देव त्याला उत्तर देतो. पाचव्याला रागावतो, तरी त्याला सोडत नाही, त्याचा भाऊ अहरोन याला सोबत देतो. पण मी थांबले ते 3:12 पाशी. मी तुला पाठवलं आहे याची खूण काय, तर लोकांना मिसरातून बाहेर आणल्यावर तुम्ही याच डोंगरावर देवाची उपासना कराल. म्हणजे खूण मिळणार काम झाल्यावर! मोशेला निघावं लागलं ते खूण हातात नसतानाच. मग आमच्याकडून अर्जातच खात्री का मागतात?

दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा सरळ लिहिलं की पूर्ण खात्री नाही. मंडळीतल्या एका आजारी बाईंबद्दल लिहिलं. त्यांच्याकडे जायला मी टाळत होते, तरी गेले. त्यांच्यासाठी 121 वं स्तोत्र वाचलं. त्यांना बोलता येत नव्हतं, पण प्रत्येक ओळीला पांघरुणावरचं त्यांचं बोट हलत होतं. मी मध्येच थांबले, तसं बोटही थांबलं. मग शेवटपर्यंत वाचलं. त्यानंतर मला दुसरं कोणतंही काम तितकं माझं वाटलं नाही.

मुलाखतीत एकांनी विचारलं, “इतकी वर्षं का टाळलंत?” मी म्हटलं, भीतीने, आणि ही भीती मला योग्यच वाटते. नाझिआंझसचा ग्रेगरी हा चौथ्या शतकातला ख्रिस्ती धर्माचार्य. त्याला त्याच्या बिशप वडिलांनी इ.स. 361 च्या सुमारास पाळकपदाची दीक्षा दिली, तेव्हा तो पळून गेला. 362 च्या ईस्टरला परतला आणि आपण का पळालो हे त्याने सविस्तर लिहिलं. माणसांच्या आत्म्यांची काळजी वाहणं किती जड असतं, हाच त्यातला गाभा. ज्याला हे ओझं जाणवतं तोच बिचकतो. यावर कोणी उलट प्रश्न केला नाही, आणि माझी निवड झाली. त्या उत्तराचा मला आजही अभिमान वाटतो.

अर्ज करणार असाल तर तुमच्या पाचारणाबद्दल मंडळीचं म्हणणं लेखी घ्या. अंतरीचं पाचारण आणि मंडळीने दिलेलं पाचारण, दोन्ही लागतात. अर्जात पहिल्याचीच विचारणा असली तरी दुसरं सोबत जोडा. मी ते उशिरा जोडलं, आणि मुलाखतीत बराच वेळ त्याच कागदावर बोलणं झालं. नकार किंवा ‘थांबा’ असं उत्तर आलं, तर कारण आणि पुढच्या बैठकीची तारीख लेखी मागा. यात उद्धटपणा काही नाही. त्या काळात चालू असलेली सेवा सोडू नका. मी आजाऱ्यांना भेटायला जात राहिले म्हणून टिकले.

आणि हो, बाप्तिस्म्याचा दाखला आधीच काढून ठेवा. त्यावरचं नाव इतर कागदपत्रांशी जुळतंय ना, तेही पाहा.