गुळाचे आहेत ना, मग चालतील!

मी लाडू करून विकते, आणि तुम्ही विचारलंत म्हणून हे सांगते. दिवाळीच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारता, संक्रांतीला विचारता, आणि मागच्या महिन्यात तर परळला एका लग्नात, पंगतीत शेजारी बसलेल्या बाईंनी जिलबी बाजूला सारून विचारलं, "तुमचे खजुराचे लाडू शुगरवाल्यांना चालतात ना? मग डब्यावर 'शुगर-फ्री' असं लिहीत का नाही?"

नाही लिहीत. लिहिणारही नाही.

कायद्याचं कारण आधी सांगते, ते सोपं आहे. 'शुगर-फ्री' लिहायचं तर १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर असता कामा नये, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, २०१८ चा नियम आहे. खजुरात १०० ग्रॅममागे साठ-पासष्ट ग्रॅम साखर त्याची स्वतःचीच असते. विषय संपला. पण हे सांगितलं की समोरून हमखास येतं, "अहो, पण ती नॅचरल साखर!"

आता या नॅचरलचं काय करायचं? साखर उसाची, गूळही उसाचाच. गुऱ्हाळात काहिलीत आटवतात, मळी काढतात, ढेप पाडतात. त्यात थोडं लोह, थोडी खनिजं शिल्लक राहतात, हे मान्य. पण उष्मांक बघा: १०० ग्रॅम साखरेत ४००, गुळात ३८० च्या आसपास. मधाचं तर आणखी गमतीचं. मध चमच्यात जड भरतो, चमचाभर साखर चार ग्रॅम तर मध सात, म्हणजे 'साखरेऐवजी एक चमचा मध' घालणारा माणूस उष्मांक वाढवूनच घेतो. खडीसाखर ही साखरच, तिला सात्त्विक कुणी ठरवलं देव जाणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलंय की वरून घातलेली साखर रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. मध आणि फळांचा रससुद्धा त्याच हिशेबात धरलाय. गुळाला वेगळी सवलत नाही.

मी डॉक्टर नाही. माझ्याकडे ओटा आहे आणि वजनकाटा आहे. पण या काट्यानेच आमच्या घरातला एक निकाल लावला, म्हणून मी एवढी हट्टी.

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, बेस्टचे कंडक्टर होते. डायबेटिस निघाला त्या दिवशी त्यांनी साखर सोडली. कुणी सांगावं लागलं नाही. चहात गूळ आला. वन्सं दादरच्या एका दुकानातून खजुराच्या लाडवांचा डबा आणायला लागल्या. डब्यावर ठळक अक्षरात 'शुगर-फ्री' आणि खाली 'शंभर टक्के नैसर्गिक'. अण्णा सकाळच्या चहाबरोबर एक घ्यायचे, चारच्या चहाबरोबर एक, आणि रात्री जेवणानंतर गोड हवंच, तेव्हा एक. सगळ्यांसमोर, टेबलावरच्या डब्यातून.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी केली, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी. ७.२ होती, ती ८.६ झाली. डॉक्टर हसत म्हणाले, "आजोबा, चोरून खाताय." अण्णा म्हणाले, "नाही." डॉक्टर म्हणाले, "सगळे असंच म्हणतात."

घरी आल्यावर वन्संनी त्यांचं कपाट उघडलं. शर्टांचे खिसे, उशीचा अभ्रा, औषधांची पिशवी. सासूबाई दारात उभ्या राहून सांगत होत्या, खालच्या कप्प्यात बघ, छत्रीत बघ. तिकिटं पंच करायचा जुना चिमटा निघाला, पासबुकं निघाली, आणि एका पँटच्या खिशात लिमलेटच्या गोळीचा कागद. तो आमच्या धाकट्याचा होता, आजोबांबरोबर बागेत गेला की कचरा त्यांच्याच खिशात कोंबतो. कुणी ऐकून घेतलं नाही. वन्संनी तो कागद टेबलावर, लाडवांच्या डब्याशेजारी ठेवला. डब्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं, तो तर शुगर-फ्री.

अण्णा एवढंच म्हणाले, "डेपोत माझा हिशेब कधी रुपयाने कमी आला नाही." आणि त्यानंतर त्यांनी आमच्याबरोबर जेवायला बसणं बंद केलं. ताट खोलीत न्यायचे. चहा मागायचे नाहीत, दिला तर प्यायचे.

मी तेव्हा नुकतेच ऑर्डरचे लाडू करायला लागले होते, वजनाची सवय हाताला होती. सहज एक लाडू काट्यावर ठेवला. पस्तीस ग्रॅम. त्यातला बराचसा खजूर. दिवसाचे तीन, वर गुळाचे दोन-तीन चहा. मग घरच्या मशीनवर चहाच्या आधी आणि दोन तासांनी अण्णांची साखर तपासली, दोन्ही आकडे कागदावर लिहिले आणि तो कागद लिमलेटच्या कागदाच्या जागी ठेवला. वन्संनी वाचला. म्हणाल्या, "पण डब्यावर तसं लिहिलंय ना!"

माफी कुणी मागितली नाही. आमच्या घरात मागतही नाहीत. अण्णा दुसऱ्या दिवशी टेबलावर आले आणि मला म्हणाले, "मला साखरच दे. अर्धा चमचा. मोजता तरी येते."

आता तुम्ही म्हणाल, मग तुम्ही खजुराचे लाडू विकता कशाला? विकते. बेसनाच्या लाडवांपेक्षा महाग विकते आणि ते आधी संपतात. ते का संपतात हे मला ठाऊक आहे, आणि पैसे मी मोजून घेते. पूर्वीची मी तर गिऱ्हाइकाला तोंडभरून सांगायची, गूळ म्हणजे लोह, खजूर म्हणजे ताकद. तिला अगदीच वेड्यात काढता येत नाही. खजुरात तंतू आहेत, साखर पांढऱ्या साखरेइतक्या झपाट्याने चढत नाही, एक लाडू खाऊन थांबणाऱ्याला तो बराच. थांबणारा भेटायला हवा. आणि उकडीच्या मोदकाचं सारण, पुरण, तिळगूळ हे गुळाशिवाय मला करवणार नाही. ते चवीसाठी. गुळाच्या चहाचाही एक फायदा आमच्याकडे झाला: गूळ उकळत्या दुधात पडला की दूध फाटतं, गॅस बंद करून घालावा लागतो, त्या कटकटीने सासूबाईंचे दोन चहा कमी झाले.

स्टीव्हियाचंही विचारता, म्हणजे साखरेऐवजी वापरतात ती एका झाडाच्या पानांतली गोडी. त्याचे लाडू करून पाहिले. बेसनाच्या लाडवात पिठीसाखर गोडीपुरती नसते, निम्मं अंगच तिचं असतं. चिमूटभर स्टीव्हियात लाडू वळला जात नाही, वळला तर जिभेवर कडसर रेंगाळतो. शिवाय २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवायला असले पर्याय वापरू नका असं सांगितलं, त्यात स्टीव्हियाही आहे. ज्यांना आधीच डायबेटिस आहे त्यांना ती सूचना लागू नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारावं. मला नको.

माझ्या डब्यावर आता एका लाडवाचं वजन आणि त्यात खजूर किती, गूळ किती, एवढंच असतं. एका दुकानाने 'शुगर-फ्री'चा स्टिकर लावा म्हणून गळ घातली होती. नाही म्हटलं, तर त्यांनी माल दुसरीकडून घेतला. लोअर परळच्या एका ऑफिसची दिवाळीची मोठी ऑर्डर येऊ घातलीय, हप्ता निघेल एवढी. मेलच्या शेवटी त्यांनी विचारलंय, "हेल्दी हॅम्पर असं छापलं तर चालेल ना?" शुगर-फ्री म्हणत नाहीयेत ते. मी अजून उत्तर पाठवलेलं नाही.