सहा वर्षांची कंपनी, पाच महिन्यांचा मालक

अमेरिकेतल्या एका लहान बँकेत मी धंद्याच्या कर्जाच्या फाइली तपासते. अंडररायटरला कर्जदाराचं तोंड सहसा दिसत नाही. शाखेतला लोन ऑफिसर माणसांशी बोलतो, मी कागदांशी. त्यामुळे अर्जावर मराठी आडनाव दिसलं तरी काही फरक पडत नाही, पडूही नये. या फाइलीत पडला.

रात्री ऑफिसं साफ करणारी कंपनी. मागणी साठ हजार डॉलरची, एक व्हॅन आणि फरशी घासायची यंत्रं घ्यायला. कंपनीची नोंदणी सहा वर्षांपूर्वीची, पेडेक्स ८०. हा धंद्यांच्या पत-नोंदी ठेवणाऱ्या डन अँड ब्रॅडस्ट्रीट कंपनीचा १ ते १०० मधला आकडा आहे. कंपनी पुरवठादारांची बिलं कशी फेडते, एवढंच तो सांगतो. ८० म्हणजे ठरलेल्या मुदतीत. आमच्याकडची नवी मुलं ८० बघितलं की पुढच्या पानावर जातात. मी त्याच्या खालची यादी उघडते, आणि माझ्या कामातला हा भाग मला मनापासून आवडतो.

यादीत पाच पुरवठादार होते. सगळे कागद, टोनर, खोकी असलं सामान ३० दिवसांच्या उधारीवर विकणारे. पाचही खाती एकाच महिन्यात उघडलेली आणि सगळ्यांत मोठं बिल शंभर डॉलरच्या थोडं वर. साफसफाईच्या कंपनीच्या यादीत फिनेलवाला नाही, यंत्रवाला नाही, कचऱ्याच्या पिशव्या विकणारासुद्धा नाही! इतका टोनर ही माणसं कशाला वापरत होती?

मग राज्याच्या नोंदणी कार्यालयाची साइट उघडली. ती सगळ्यांना खुली आहे, तरी बघतं कोण? नोंदणीची तारीख खरी होती. पण मधल्या सगळ्या वर्षांच्या अहवालांत अधिकारी म्हणून कुणा तिसऱ्याचंच नाव होतं, आणि पाच महिन्यांपूर्वी एकाच दिवशी कंपनीचं नाव आणि अधिकारी दोन्ही बदलले होते. ४५०६-सी फॉर्म भरून आयआरएस, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याकडून कंपनीच्या रिटर्नचे उतारे मागवले, तर मागच्या वर्षांचं एकही रिटर्न नोंदीत नाही.

याला शेल्फ कंपनी म्हणतात. लोक कंपन्या काढतात, काहीही धंदा न करता त्या मुरू देतात आणि लोणच्यासारखा वयावर भाव लावून विकतात. अशी कंपनी विकत घेणं गुन्हा नाही. पण तिचं वय आपल्या धंद्याचं म्हणून कर्जाच्या अर्जात जाणूनबुजून लिहिलं, तर तो बँकेची दिशाभूल केल्याचा गुन्हा ठरू शकतो. फेडरल कायद्यात त्याला कमाल शिक्षा ३० वर्षं कैद आणि दहा लाख डॉलर दंड आहे.

ऑफिसरने खुलासा मागायला फोन लावला, आणि गृहस्थ इंग्रजीत अडखळतायत म्हणून मला लाइनवर घेतलं.

“मॅडम, ते सगळं धंद्याची पत बांधून देणाऱ्या सेवेवाल्यांनी केलंय. मी फक्त सह्या केल्या.”

“धंदा सुरू झाल्याचं वर्ष २०१९ कुणी लिहिलं?”

“त्यांनीच. म्हणाले, नवी कंपनी असली तर बँक दारातसुद्धा उभी करत नाही.”

“आणि तुम्ही काम कधीपासून करताय?”

“काम ना? काम चार वर्षं करतोय. पण ते माझ्या स्वतःच्या नावावर होतं. ते धरत नाहीत म्हणाले.”

ते धरतात. आम्ही तर तेच धरतो. गृहस्थांनी संध्याकाळी वैयक्तिक रिटर्नं पाठवली, प्रत्येकाला जोडलेलं शेड्यूल सी, म्हणजे एकट्याच्या धंद्याचा नफातोटा. नफा दर वर्षी थोडा वाढलेला, कंत्राटं तीच टिकलेली. आम्हाला हप्त्याच्या १.२५ पट कमाई लागते. इथे घरखर्च वजा करूनही दीडपटीच्या वर जात होती. घर आणि गाडीचे हप्ते कधी चुकले नव्हते. वैयक्तिक हमीवर हे कर्ज मी दुपारच्या चहाआधी मंजुरीला पाठवलं असतं.

पण हमी द्यावी लागणार नाही, नुसत्या कंपनीच्या कर क्रमांकावर पैसे मिळतील, हेच तर त्यांना विकलं होतं. लहान धंद्याला मालकाच्या हमीशिवाय कर्ज देणारी बँक सहसा सापडत नाही. लहान धंद्यांसाठीच्या सरकारी एसबीए योजनेतसुद्धा २० टक्के किंवा जास्त मालकी असलेल्या प्रत्येकाची हमीवर सही लागते.

त्यांनी त्या सेवेची पावतीही पाठवली होती, मी मागितली नसताना. कंपनीच्या किमतीखाली वेगळ्या ओळी होत्या. ईआयएन, म्हणजे धंद्याचा कर क्रमांक, मिळवून देण्याचे पैसे. डन्स नंबर, म्हणजे डन अँड ब्रॅडस्ट्रीट धंद्याला देते तो ओळख क्रमांक, मिळवून देण्याचे पैसे. दोन्ही फुकट मिळतात, पहिला तर आयआरएसच्या साइटवर काही मिनिटांत. टोनरवाल्यांची खाती उघडून देण्याचे वेगळे, आणि वर देखरेखीची मासिक वर्गणी.

माणसाची वैयक्तिक पत सुधारून देतो म्हणणाऱ्यांना १९९६ च्या कायद्याने काम होण्याआधी पैसे घ्यायला बंदी आहे. तो कायदा ग्राहकांसाठी आहे, धंद्याची पत सुधारून देणाऱ्यांना लागू नाही. वैयक्तिक पत-अहवालात चूक असली आणि तक्रार केली तर अहवाल बनवणाऱ्या ब्यूरोला साधारण ३० दिवसांत तपास करावा लागतो. धंद्याच्या अहवालासाठी असा फेडरल हक्क नाही. त्या मोकळ्या जागेत ही दुकानं उभी आहेत. खुद्द डन अँड ब्रॅडस्ट्रीटच्या पत वाढवण्याच्या पॅकेजबद्दल एफटीसीने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी आयोगाने, दिशाभुलीची तक्रार केली होती, आणि २०२२ मध्ये तडजोडीचा आदेश कायम झाला. मोठ्या नावाची ही गोष्ट, तर बाकीच्यांचं काय बोलायचं.

मी मॅनेजरला म्हटलं, हा अर्ज बंद करून खऱ्या आकड्यांवर नवा घेऊ. तो म्हणाला, ज्याच्या सहीखाली खोटं वर्ष आहे त्याच्याकडून आठवड्याभरात दुसरी सही घ्यायची? नियमाने तो बरोबर आहे. एरवीही तो नियमाच्या पलीकडे पाऊल टाकत नाही, म्हणूनच मॅनेजर झाला. त्यांनी तो रकाना वाचला नव्हता असं मला वाटतं. पण मला काय वाटतं याला फाइलीत रकाना नाही. आणि वाचून सही केली असेल तर? फोनवर त्यांनी सगळं इतक्या सरळपणे सांगितलं की दोन्ही शक्य वाटतं.

नकाराच्या पत्रात कारण गेलं, दिलेली माहिती पडताळता आली नाही. तुमची खरी फाइल पास झाली असती, हे लिहायला त्या पत्रात जागा नसते. अशा प्रकरणात बँक सरकारला काही कळवते का, हे ग्राहकाला सांगायला कायद्याने मनाई आहे. कळवलं नाही, असंही सांगता येत नाही. तेव्हा त्याबद्दल इथेही काही लिहीत नाही.

पत्र मिळाल्यावर त्यांचा फोन आला. या वेळी मॅडमची ताई झाली होती.

“ताई, त्या सेवेवाल्यांनी आणखी दोन ठिकाणी अर्ज टाकलेत. क्रेडिट कार्डांचे. तेच वर्ष घालून.”

“आधी त्यांना दिलेली परवानगी लेखी रद्द करा. आणि उद्याच वकील गाठा. त्या दोन ठिकाणी काय आणि कसं कळवायचं, ते तो सांगेल.”

“वकिलाला किती सांगू?”

“सगळं. मला सांगितलंत त्याहून जास्त.”