कुड्या, चष्मा आणि कोमल गंधार

जुन्या हेडफोनचं कातडं जायला लागलंय हे मला आरशात कळलं. कातडं म्हणजे रेक्झिनच, पण डब्यावर लेदर लिहिलेलं असतं म्हणून आपणही लेदर म्हणायचं. ऑफिसची मीटिंग संपवून तोंड धुवायला गेले तर कानाच्या पाळीवर, गालावर काळे काळे तिळाएवढे कपचे चिकटलेले, एक तर चक्क भुवईत. सासूबाई म्हणाल्या, अगं, ह्या वयात कांजिण्या? त्याच दिवशी ठरवलं की बास, आता नवीन घ्यायचा, आणि ह्यावेळी मीटिंगसाठी नाही, गाणं ऐकायला.

आमचं घर म्हणजे कोथरूडमधला दोन बेडरूमचा फ्लॅट, माणसं चार. हॉलमध्ये आईंची सिरियल (आई म्हणजे सासूबाई), एका खोलीत अकरावीतला मुलगा, दुसऱ्या खोलीत नवरा कॉलवर, आणि मी डायनिंग टेबलावर, म्हणजे कुकर, मिक्सर आणि दाराची बेल ह्या तिन्हींच्या बरोब्बर मध्ये. स्पीकर लावायची सोयच नाही. लहानपणी नारायण पेठेत वाड्यात राहायचो तेव्हा एकाने विविध भारती लावलं की आठ बिऱ्हाडं ऐकायची, उलट एखाद्या दिवशी सेल संपले तर खालच्या काकू वर तोंड करून ओरडायच्या, आज रेडिओ का नाही गं लावला. आता मी बागेश्री राग लावला की मुलगा दार लोटतो, मुलाने त्याचं काहीतरी धाडधाड लावलं की आई टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हणून हेडफोन, आणि तोही क्लोज्ड-बॅक, बंद पाठीचा, बाहेरचं आत नको आणि आतलं बाहेर नको.

आधी तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेले. कानाला घालायची वस्तू घालून बघितल्याशिवाय कशी घ्यायची, चप्पल घेतो का आपण तशी (घेतो हल्ली, पण तरी). पासोड्या विठोबापाशी रिक्षा सोडली, वायरची भेंडोळी आणि दिव्यांच्या माळा चुकवत एका दुकानात शिरले. दुकानदार म्हणाले, "मुलासाठी का ताई? बेसवाला दाखवू?" म्हटलं, मलाच पाहिजे. "मग हा हलका घ्या, फोनवर बोलायला." म्हटलं, बोलायला नाही हो, गाणं ऐकायला. त्यांनी एक डबा काउंटरवर ठेवला. घालून बघू का? "सील फोडलं की घ्यायला लागेल." मग ऐकणार कसं? "ऐकायचं काय त्यात, आवाज येतो की." ह्यावर मला काही सुचलं नाही. एक वाजत आला होता, त्यांना शटर ओढायचं होतं, मला भूक लागली होती.

शेवटी भाची उपयोगी पडली. ती एका स्टुडिओत रेकॉर्डिंगचं काम करते, म्हणाली, मावशी रविवारी ये, तीन-चार आहेत इथे, तासभर ऐक निवांत. गेल्या गेल्या तिने मुद्दाम ओपन-बॅक कानावर चढवला, सेनहायझरचा एचडी ६००, १९९७ पासूनचा. पाठीला नुसती जाळी. मी डोळेच मिटले. सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेत व्हायचा तेव्हा मागे भारतीय बैठकीत बसून ऐकायचो ना, गवई लांब पण हवा भरपूर, तसं वाटलं. मग तिने बंद पाठीचा दिला तर तोच गवई उठून आमच्या देवघरात येऊन बसला, गुडघ्याला गुडघा लावून. जवळ एकदम, पण भिंतीही जवळ. ती म्हणाली, होणारच, आतला पडदा हलतो तेव्हा आवाज जेवढा पुढे जातो तेवढाच मागेही जातो, ओपनमध्ये मागचा आवाज जाळीतून निघून जातो, ह्याच्यात तो वाटीत कोंडतो, आणि त्या कोंडलेल्याचं करायचं काय ह्यातच सगळी हुशारी असते. म्हटलं, मग ओपनच सांग की मला. ती काही बोलली नाही, तो स्वतःच्या कानाला लावला, आवाज तेवढाच ठेवला, आणि मी समोरच्या खुर्चीत बसून अख्खी बंदिश ऐकली, मुंग्यांनी गावी तशी, शब्दांसकट. रात्री नवऱ्याच्या शेजारी हे चालणार नव्हतं.

बंदवाले तीन होते. सोनीचा एमडीआर ७५०६, निळ्या पट्टीचा, जुन्या टेलिफोनसारखी गुंडाळीची वायर, १९९१ मध्ये आला आणि अजून मिळतो, मला ह्याचंच कौतुक, आमच्या मिक्सरचं भांडं तीन वर्षांनी मिळेना. दुसरा ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स, तिसरा बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, करड्या मखमली गाद्यांचा. तिन्हींवर मी एकच विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, लावलं आणि त्यातही गाण्याआधीचा नुसता तंबोरा ऐकला, परत परत. भाची जांभया द्यायला लागली. पण तंबोऱ्यात कळतं हो. सोनीवर जवारी, म्हणजे तारांचा तो झणझणता गुंजारव, इतकी सुटी सुटी की तार न् तार मोजावी. एम५०एक्सवर तबल्याला वजन छान, तंबोरा जरा मागे सरकून बसतो. बायरवर जवारी चमकते, चांदीचं भांडं नुकतं घासल्यासारखी, कुणाला ती जास्तही वाटेल, पण माझे कान पन्नाशीला टेकलेत, वयाने आधी वरचेच सूर कमी ऐकू येतात, तेव्हा थोडी चमक माझ्या पथ्यावरच.

फक्त डग्गा येईना. म्हणजे यायचा, पण घुमारा नाही, पत्र्याच्या डब्यावर टिचकी मारावी तसा. मी आपली आवाज वाढवत बसले. भाचीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, मावशी, चष्मा काढ. काढला. आणि आला की डग्गा, तळहात घासत, मींड घेत, पोटात उतरला अगदी! चष्म्याची काडी गादीखालून जाते, तिथे गव्हाच्या दाण्याएवढी फट राहते आणि तेवढ्यातून सगळा खालचा आवाज पळून जातो. ४०-४५ मिलिमीटरचा पडदा तो, त्याची काय ताकद, गादी आणि कान ह्यांच्यामध्ये हवा कोंडलेली असते तिच्या जिवावर तो डग्गा वाजवतो. पर्समध्ये जुना वाचायचा चष्मा होता, बारीक तारेच्या काडीचा, तो घालून बघितला तर बराचसा घुमारा टिकला. तेव्हा आता गाण्याचा चष्मा वेगळा.

चष्म्याबद्दल निदान कुणी कुणी बोलतं. कुड्यांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मी महिनाभर यूट्यूबवर दाढीवाल्या मुलांचे रिव्ह्यू बघितले, वीस-वीस मिनिटं बोलतात, वजन किती, गादी कशी, कान गरम होतो का, पण कुड्यांची फिरकी कानामागे रुतते आणि पंधरा मिनिटांत पाळी ठणकायला लागते हे त्यांना कुठून माहीत असणार. आणि केसांचा अंबाडा असेल तर वरचा पट्टा हळूहळू कपाळावर येतो. मी स्टुडिओत कुड्या काढून ठेवल्या आणि तिथेच विसरले, मग त्या आणायला परत एक रविवार.

घेतला बायरच, शेवटी ऑनलाइनच. तो ३२, ८० आणि २५० ओहम असा मिळतो, ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, तो जास्त तसा वाजवायला जोर जास्त लागतो. २५० ला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागणार, म्हणजे आणखी एक डबा आणि आणखी एक प्लग, आणि आमच्या टेबलापाशी प्लग एकच, तो मिक्सरचा. म्हणून ८०, फोनला टाइप-सीची छोटी शेपटी (हेडफोनची पिन फोनला जोडणारी) लावून. किंमत घरात सांगितलेली नाही, इथेही सांगत नाही. वायर ३ मीटर, लोकांना ती नकोशी वाटते, पण मी फोन टेबलावर ठेवून ओट्यापर्यंत जाते, आमटीत मीठ घालून येते, गाणं चालूच. आईंचा पाय एकदा अडकला, तेव्हापासून माझ्या कानावर काही दिसलं की त्या सोफ्याला वळसा घालून जातात. नवरा म्हणत होता नॉइज कॅन्सलिंगवाला घे, बाहेरचा आवाज खोडून काढणारा. पण ते तंत्र पंख्याची घरघर, बसचं इंजिन अशा एकसुरी आवाजाला चांगलं, कुकरच्या शिट्टीला तेवढं नाही. आणि गणपतीआधी ढोलपथकांची प्रॅक्टिस सुरू झाली की कुठलंच तंत्र चालत नाही, ढोल आपण छातीनेच ऐकतो.

तर दोन आठवडे स्वर्ग होता. मग एका रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "आई, तू गातेस ते खालच्या पार्किंगपर्यंत ऐकू येतं." म्हटलं, गात नाही रे, गुणगुणते. "गुणगुणत नाहीस. ओरडतेस." आता तुम्हीच दोन्ही कानात बोटं घालून गुणगुणून बघा, आवाज डोक्यात असा भरतो की वाटतं काय लागलाय आज गळा. त्यात कानात मोठा आवाज चालू असला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो, एतिएन लोंबार नावाच्या फ्रेंच कानाच्या डॉक्टरने १९११ सालीच हे लिहून ठेवलंय. म्हणजे एवढा खटाटोप करून हेडफोनमधून एक सूर बाहेर जात नाही, आणि मी मात्र सगळीकडून गळते.

ह्यावर आई शांतपणे भाताला तूप लावत म्हणाल्या, "आज बागेश्री होता ना? गंधार चढत होता तुझा. कोमल आहे गं तो, जरा उतरव."

आई लग्नाआधी सहा वर्षं गाणं शिकल्यात. मी ह्या घरात आल्यापासून त्यांचा सूर म्हणून ऐकला नाही, आरतीसुद्धा ओठातल्या ओठात. म्हणा म्हटलं की "आता कुठे गं," म्हणून विषय संपवतात. मी म्हटलं, कसा लावायचा दाखवा ना. तर मुलगा म्हणाला, "अगं, आजी रोज दाखवते की."

म्हणजे असं चाललं होतं की मी हेडफोन घालून चुकीचा गंधार लावते, आई हॉलमध्ये टीव्ही म्यूट करतात आणि बरोबर लावून दाखवतात, मी परत चुकीचा, त्या परत बरोबर, रोज दहा-पंधरा मिनिटं. नवऱ्यालाही माहीत होतं. म्हणाला, मला वाटलं तुमचं दोघींचं ठरलंय.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम बागेश्री लावला, मुद्दाम गंधार चुकवला (मुद्दाम चुकवायची गरज नव्हती) आणि हळूच उजवी वाटी उचलली. पंखा. सिरियलमध्ये कुणीतरी रडत होतं. आई गप्प. वाटी उचलायच्या नादात मीच गायची थांबले होते ना. असं तीन-चारदा झालं. एकदा वाटी वर धरूनच गायले, तर तो आवाज माझा मलाच इतका भयंकर वाटला की दोन सुरात बंद पडले, आणि हॉलमधून आवाज आला, "काय गं, बरं वाटत नाहीये का?"

मुलाला सांगितलंय, आजीने म्हटलं की फोनवर रेकॉर्ड करून ठेव. तो म्हणाला, करतो, पण त्यात तुझापण आवाज येणार, चालेल का? मी अजून हो म्हटलेलं नाही.