संपृक्त उपाय

नववीच्या मुलांना मी तुरटीच्या स्फटिकांचा प्रकल्प दिला होता. आलेले अहवाल साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले. एका मुलीच्या अहवालावर ३८ टक्के आले, एका मुलाच्या अहवालावर ४. मुलीला मी सगळ्यांदेखत उभं केलं आणि विचारलं, "कुठून उतरवलंस?" ती काहीच बोलली नाही. नुसते डोळे भरून आले.

मधल्या सुट्टीत तिचा अहवाल नीट उघडला. सॉफ्टवेअरनं रंगवलेल्या ओळी म्हणजे साहित्याची यादी, अवतरणचिन्हांत दिलेल्या दोन व्याख्या, त्यांच्याखाली पाठ्यपुस्तकाचा पानक्रमांक आणि शेवटची संदर्भसूची. सॉफ्टवेअर फक्त शब्दांचे सलग तुकडे आपल्या साठ्याशी जुळवून बघतं. चोरी आहे की नाही, हे माणसानं वाचूनच ठरवायचं असतं, आणि मी वाचलंच नव्हतं. अवतरणं आणि संदर्भ वगळल्यावर आकडा ६ वर आला. पुढच्याच तासाला मी वर्गासमोर तिची माफी मागितली.

मग ४ टक्केवाला अहवालही वाचायला घेतला. भाषा गुळगुळीत. दुसऱ्या पानावर मात्र अडखळले: "गरम पाण्यात तुरटी विरघळवून संपृक्त उपाय तयार करा."

उपाय! इंग्रजीत द्रावणाला आणि उपायाला एकच शब्द आहे, 'सोल्यूशन'. परका लेख यंत्राकडून मराठीत करून घेतलेला होता. शब्दच बदलल्यामुळे जुळणीत काही सापडलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर त्याला प्रयोगशाळेत थांबवलं. कागद बाहेर काढलाच नाही. "तुझा स्फटिक केवढा झाला?" एवढंच विचारलं. त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. आत करंगळीच्या नखाएवढा, आठ पैलू स्पष्ट दिसणारा खडा.

"मॅडम, पहिल्यांदा बरणी फ्रिजमध्ये ठेवली, तर तळाशी नुसती बारीक कणी जमली. मग दुसरी बरणी टेबलावरच झाकून ठेवली, हलवली नाही. तेव्हा हा झाला."

द्रावण झटकन थंड झालं की असंख्य बारीक स्फटिक होतात, सावकाश थंड झालं की थोडे पण मोठे. पोरानं ते स्वतःच्या हातांनी शोधलं होतं.

"मग हे का नाही लिहिलंस?"

"पहिलं चुकलं होतं ना, मॅडम. अहवालात चुकलेलं कसं लिहायचं?"

मी काय लिहायला सांगितलं होतं, ते आठवलं. 'स्फटिकांची माहिती लिहा.' माहिती तर कुठेही तयार मिळते.

उचललेल्या पानांचे गुण मी दिले नाहीत. दिले असते तर त्या मुलीवर दुसऱ्यांदा अन्याय झाला असता. आता कृत्रिम बुद्धिमत्तेचं लिखाण ओळखणारी साधनं वापरा, असं सहकारी सुचवतात. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनं स्वतःचं तसलं साधन कमी अचूकतेमुळे जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. तसल्या आकड्यावर मी कुठल्याही मुलाला उभं करणार नाही. आता रोजची निरीक्षणं तारखेसह वर्गातच वहीत उतरवायची, शेवटी पाच मिनिटं तोंडी सांगायचं. आणि प्रश्न असा: 'तुमच्या बरणीत काय बिघडलं?'

त्याचा नवा अहवाल चार दिवसांनी आला. दीड पान, शुद्धलेखनाच्या अकरा चुका. पहिली ओळ: "मी बरणी फ्रिजमधे ठेवली ते चुकलं."