टाकीची सावली

एप्रिलमधली दुपार, दोन-सव्वादोनची. टाकीत पाणी किती उरलंय ते बघायला गच्चीवर गेले, चप्पल न घालता. सोलापुरात एप्रिलच्या दुपारी गच्चीवर अनवाणी जाणारा माणूस एक तर पाहुणा असतो, नाही तर माझ्यासारखा विसराळू. दोन पावलांत तळवे भाजले आणि उडी मारून टाकीच्या सावलीत जाऊन उभी राहिले. सावली ती केवढी, पाटाएवढी. परतायचं तर पुन्हा तेवढेच चटके. म्हणून तिथंच थांबले आणि उभ्या उभ्या मनात आलं, इथं मेथी येईल.

हे दरवर्षी मनात येतं. माझ्याकडे बागेच्या चार वह्या आहेत. बाग नाही. पहिली वही चौकटींची, तीत गच्चीचा नकाशा. एक चौकट म्हणजे एक फूट. दुसरीत वेळापत्रक : मेथी २५ ते ३० दिवस, पालक महिना-सव्वा महिना, कोथिंबिरीचे धने चपलेखाली रगडून दोन फाकी करून पेरणे. तिसरीत रंगीत पेनं वापरली आहेत, तेवढंच तिचं वैशिष्ट्य. चौथीत दोन पानं झाल्यावर नवऱ्याच्या अक्षरात दुधाचा हिशेब सुरू होतो. मला विचाराल तर बागेचा सगळ्यात सुखाचा हंगाम वहीचाच. तिथं माव्याची कीड पडत नाही आणि पाणीही लागत नाही.

या वेळी मात्र मी वही उघडली नाही, खडू घेतला. भाजीला रोज सहा तास ऊन हवं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. लिहिणारे बहुतेक आमच्याकडे उन्हाळ्यात आलेले नसावेत. पारा ४३ वर गेला की काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत मुळांची उसळ होते. ऊन आम्हाला कुणी मोजून द्यायला नको, मोजायची ती सावली. तेव्हा सकाळी नऊला टाकीची सावली जिथं पडली तिथं खडूनं रेघ ओढली, मग बाराला, तीनला, पाचला. संध्याकाळी गच्चीवर एक वेडावाकडा पंखा उमटला होता.

दुसऱ्या दिवशी सासूबाई कुरडयांचं पातेलं घेऊन वर आल्या.

"हे काय गं? लंगडी खेळलीस काय?"

"आई, सावली मोजतेय. भाजी लावायचीय."

"लाव की. पण मी बसू कुठं?"

"कुठं म्हणजे?"

"कुरडया उन्हात. त्या राखायला मी सावलीत. कावळे काय तुझी वही वाचून येणारेत?"

मला हे इतक्या वर्षांत सुचलंच नव्हतं. माझ्या चारही नकाशांत टाकी होती, पाइप होता, जिना होता, पण सासूबाई नव्हत्या. टाकीच्या सावलीवर त्यांचा हक्क माझ्या मेथीच्या कितीतरी आधीचा. कुरडया, मग सांडगे, मग साबुदाण्याच्या चकल्या. वाळवण उरकून डबे भरले की मगच जागा मोकळी होणार, म्हणजे मे संपता संपता. म्हणजे मृग. म्हणजे पेरणीची खरी वेळ. एवढं गणित जमायला मला चार वह्या लागल्या.

मातीचं तर विचारूच नका. आपली काळी माती शेतात सोनं असेल, कुंडीत ती वीट होते. पाणी घातलं की फुगते, वाळली की कडा सोडते, आणि पुढचं पाणी त्या फटीतून थेट खालच्या बशीत. म्हणून एक भाग माती, एक भाग खत, एक भाग नारळाचा भुसा. पाण्याचा हिशेब याहून अवघड. बारा इंची कुंडीला उन्हाळ्यात दिवसाला एक लिटर तरी लागतं. वीस कुंड्यांना वीस लिटर. आणि नळ येणार चार-पाच दिवसांनी. बोअरचं पाणी घालून बघितलं होतं एका तुळशीला, तर महिनाभरात मातीवर पांढरी साय धरली. आमच्या घरात तांदूळ धुतलेलं पाणी कुणी ओतून दिलं की मी लहान मुलाला ओरडावं तशी ओरडते.

जीवामृत म्हणजे झाडांना घालायचं आंबवलेलं शेणपाणी. त्याचं प्रमाण एकरी २०० लिटरचं असतं : १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, मूठभर बांधावरची माती. ते मी एका बादलीला बसवलं. दहा लिटरला अर्धा किलो शेण, गूळ शंभर ग्रॅम, बेसन शंभर ग्रॅम. सासूबाईंनी बेसनाच्या डब्याचं झाकण माझ्यासमोर शांतपणे लावून टाकलं. "एवढ्यात दोघांचं पिठलं होतंय," म्हणाल्या. त्या दिवसापासून आमचं जीवामृत बिनबेसनाचं आहे, म्हणजे मुळात नाहीच.

राहिलं खत. नुसता ओला कचरा साठवला की वास सुटतो आणि चिलटं होतात. त्यात सुकं काही तरी भरपूर मिसळावं लागतं. कडुलिंबाचा पाला मार्चमध्येच गळून, झाडून, पेटवून झालेला. आता सुकं आणायचं कुठून, असा विचार करत होते आणि अक्का आठवली.

माझं माहेर सोलापूरच्याच पूर्व भागातलं. आमच्या भिंतीला भिंत लागून अक्काचं घर. घर तेलुगू, नवरा मागावर, अक्का विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पानावर पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कचकच कापायची. मापाबाहेर उरलेली कात्रणं टोपलीभर साठायची. थोडी चुलीत जायची, बाकीची मोरीच्या तोंडाशी, तिच्या अंबाडीच्या बुडात. ती गोंगुरा म्हणायची, आम्ही अंबाडी. वाटी भिंतीवरून इकडे येताना भाजीचं नाव बदलायचं. वालाचा वेल चढवायला नवऱ्यानं कारखान्यातून आणलेलं तुटकं सूत असायचं, तांबडं, हिरवं, पिवळं, चादरीत असतात ते सगळे रंग. आमच्या बाजूनं बघितलं तर वेलापेक्षा सूतच जास्त फुललेलं दिसायचं. एकदा मी ते ओढून बाहुलीला साडी नेसवली आणि अर्धा वेल खाली आला. अक्का काही बोलली नाही. तिनं फक्त दुसऱ्या दिवशी मला सुताचा आणखी एक गुंडा दिला.

मावा पडला की ती सुपातला तंबाखूचा भुगा रात्री पाण्यात भिजत घालायची आणि सकाळी केरसुणीच्या काडीनं झाडांवर शिंपडायची. आम्हा पोरांना जवळ येऊ द्यायची नाही. हे मी चौथ्या वहीत 'कीड' या मथळ्याखाली मोठ्या प्रेमानं उतरवलं होतं, आपल्या गावचा उपाय म्हणून. मग नीट वाचत गेले. निकोटिन माव्याबरोबर मावा खाणाऱ्या ढालकिड्यांनाही मारतं, मधमाश्यांनाही. शिवाय तंबाखू, वांगं, मिरची, टोमॅटो ही एकाच कुळातली भावंडं. तंबाखूच्या हातानं टोमॅटोला शिवलं तर त्याला तिचा रोग लागू शकतो. ती ओळ खोडली. तिच्या जागी निंबोळी लिहिली : लिटरला ५० ग्रॅम पूड, रात्रभर भिजवून, जुन्या टॉवेलातून गाळून.

मृग लागला तेव्हा सासूबाईंचे डबे भरले होते. टाकीच्या सावलीत तेलाच्या दोन डब्यांना खालून भोकं पाडून मी अंबाडी टाकली. मेथी नाही, अंबाडीच. चौथ्या दिवशी उगवून आली. ती बघायला रोज दोनदा वर जाते, आता चप्पल घालून.

अक्काचं घर पुढं हललं. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगारांची १० हजार घरांची वसाहत झाली तिकडे तिची मुलं गेली. ती गेली नाही, त्याच्या आधीच संपली. तिच्या अंबाडीवर मावा टिकलेला मी कधी बघितला नाही. पण रात्री भिंतीपलीकडून खोकला यायचा, खूप वेळ, थांबून थांबून. मी दचकून उठले की आई पाठीवर हात ठेवून म्हणायची, "काही नाही गं, अक्काय ती. झोप."